दोन बोटांची साथ



सुरुवातीलाच एक कबुली देते. मी पहिलीपासून कॉन्व्हेंटमध्ये शिकले. मराठी म्हणजे माझ्यासाठी दहावीपर्यंतचा एक पेपर आणि आजोबांशी फोनवरच्या गप्पा, एवढंच. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका सापडल्या तर त्या मराठी विभागाच्या संपादिकेच्या खात्यावर टाका. मेसमध्ये माझ्या तोंडात पोळीचा घास असताना तिने "लिहिणार ना?" असं विचारलं आणि माझी मान हलली ती तिने 'हो' अशी धरली!

विषय मात्र मीच निवडला. जॅझमध्ये एखादा सोलो वाजवत असतो तेव्हा पियानोवाला त्याच्यामागे काय करतो? त्याला 'कॉम्पिंग' म्हणतात. अकंपनी या इंग्रजी शब्दाचा तो मधला तुकडा. आपल्याकडे सरळ 'साथ' म्हणतात. हा लेख त्या साथीचा धडा आहे. पियानो न वाजवणाऱ्यांनीही वाचावा, कारण यातला निम्मा भाग न वाजवण्याबद्दलच आहे.

गॅदरिंगला काय झालं

माझी रूममेट मेकॅनिकलची, गोव्याची. ती ऑल्टो सॅक्सोफोन वाजवते. तिच्या आजोबांचा सॅक्स आहे तो, आजोबा लग्नाच्या बँडमध्ये वाजवायचे. मी इ अँड टीसीची. शाळेत असताना पियानोच्या ग्रेड परीक्षा दिलेल्या. नोटेशन समोर ठेवा, जसंच्या तसं वाजवून दाखवते. माझा तो अभिमानच होता म्हणा ना.

मागच्या वर्षीच्या गॅदरिंगला आम्ही दोघी, बॉईज हॉस्टेलचा एक बेस गिटारवाला आणि एक ड्रमवाला अशा चौघांनी एक ब्लूज बसवला. मुख्य भाग म्हणजे तिचा सोलो. त्यासाठी ती सहा महिने गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे प्रॅक्टिस करत होती, रेक्टर मॅडमची बोलणी खाऊन. स्टेजवर आम्ही वाजवलं, टाळ्या पडल्या, मी खूश. विंगेत आल्यावर तिने शांतपणे सॅक्स पुसला, केसमध्ये ठेवला आणि म्हणाली, "मला श्वास घ्यायला जागाच नव्हती गं."

मी म्हटलं, "अगं, मी तर मागून सपोर्ट देत होते!"

ती काही बोलली नाही. पण दुसऱ्या दिवसापासून ती फोनवर तयार बॅकिंग ट्रॅक लावून वाजवायला लागली. मी विचारलं तर म्हणाली, "फोनमधला पियानो माझं ऐकत नाही, पण निदान मध्ये तरी बोलत नाही."

मंडळी, व्हायवामध्ये एक्स्टर्नलने हाकललं तरी इतकं लागलं नसतं. दोघी एकाच खोलीत राहत होतो, चहा एकत्र प्यायचो, पण संगीताचा विषय निघाला की दोघी गप्प.

शेवटी मी गॅदरिंगचं रेकॉर्डिंग हेडफोन लावून ऐकलं. इंजिनियर आहोत, तेव्हा आधी मोजलं. तिच्या सोलोच्या एका फेरीत बारा बार. (बार म्हणजे तो बार नव्हे! चार मात्रांचा एक विभाग.) म्हणजे एकूण अठ्ठेचाळीस मात्रा. त्यातल्या एक्केचाळीस मात्रांवर माझी कॉर्ड पडलेली होती, तीसुद्धा पाच-पाच बोटांची, पेडल दाबून. चुकीचा स्वर एकही नव्हता. पण सॅक्स ऐकूच येत नव्हता.

सुट्टीत घरी गेल्यावर हेच रेकॉर्डिंग आजोबांना ऐकवलं. त्यांना जॅझमधलं काहीही कळत नाही. त्यांची सगळी हयात शास्त्रीय गाण्याच्या मैफली ऐकण्यात गेली. हार्मोनियमच्या साथीला आप्पा जळगावकर असले की ते गाण्याइतकंच साथीकडेही लक्ष द्यायचे. त्यांनी डोळे मिटून पूर्ण ऐकलं आणि एकच प्रश्न विचारला, "बाळ, तू साथ करतेस की शर्यत लावतेस?"

मग मी मुळापासून शिकायला बसले. जे शिकले ते पुढे देते.

पहिला धडा : कोणाचं काम कोणाचं

जॅझच्या छोट्या ग्रुपमध्ये बेस, ड्रम आणि पियानो किंवा गिटार मिळून ऱ्हिदम सेक्शन होतो. बेसवाला कॉर्डचा मूळ स्वर आणि चाल सांभाळतो. ड्रमवाला ठेका सांभाळतो. मग पियानोवाल्याच्या वाट्याला काय उरतं? कॉर्डचा रंग दाखवणं आणि सोलो वाजवणाऱ्याशी अधूनमधून बोलणं. बस्स.

पूर्वी असं नव्हतं. १९२० च्या दशकात न्यूयॉर्कचे 'स्ट्राइड' पियानोवाले एकटेच अख्खा बँड असायचे. डावा हात एकदा खालचा स्वर, एकदा मधली कॉर्ड अशा उड्या मारत ठेका धरायचा आणि उजवा हात सूर वाजवायचा. माझा डावा हात गॅदरिंगला नेमका हेच करत होता, शेजारी बेस गिटार असताना! म्हणजे एका खुर्चीवर दोघे बसलेले.

हे ओझं उतरवणाऱ्यांमध्ये काउंट बेसी यांचं नाव मोठं आहे. १९३७ मध्ये त्यांच्या बँडमध्ये फ्रेडी ग्रीन गिटारवर आले. बेसवर वॉल्टर पेज आणि ड्रमवर जो जोन्स होतेच. हे तिघे चार मात्रा इतक्या पक्क्या धरायचे की बेसींना पियानोवर ठेका धरायची गरजच राहिली नाही. ते मधूनच दोन-तीन स्वर टाकायचे आणि थांबायचे. अख्खा बँड त्या दोन स्वरांवर हलायचा.

तेव्हा पहिला नियम हा. बेस असेल तर खालचे मूळ स्वर वाजवायचे नाहीत. बेस नसेल, दोघीच असाल, तर डाव्या हाताने मूळ स्वर हलकेच द्या, पण एकच.

यामागे फिजिक्सही आहे. पियानोवर खाली, मधल्या सीच्या दोन सप्तकं खाली, सी आणि ई एकत्र दाबा. एकाची फ्रिक्वेन्सी साधारण ६५ हर्ट्झ, दुसऱ्याची ८२. फरक फक्त १७ हर्ट्झचा. इतक्या कमी फरकाचे दोन स्वर कानाला वेगळे लागत नाहीत, नुसती खरखर ऐकू येते. हेच दोन स्वर मधल्या सीपाशी वाजवा. २६२ आणि ३३०, म्हणजे फरक ६८ हर्ट्झचा. खरखर बरीच कमी होते आणि कॉर्ड स्वच्छ लागते. कॉर्ड त्याच नावाची, जागा चुकली की चिखल!

आणि वर किती जायचं? ऑल्टो सॅक्सचा पल्ला साधारण १४० ते ८३० हर्ट्झ. म्हणजे आपला मधला सी तिच्या घरातच येतो. तिथे तिच्या बरोबरीने राहायचं तर सामान कमी पाहिजे. मधल्या सीच्या आसपास, खाली-वर पाच-सहा पट्ट्या, एवढ्यातच हात ठेवा. सर्वात वरचा स्वर कानाला सुरावटीसारखा ऐकू येतो, म्हणून तो सारखा नाचवू नका. सुरावट तिची आहे.

दुसरा धडा : दोन बोटं पुरतात

ग्रेड परीक्षांनी मला शिकवलं होतं की कॉर्ड म्हणजे सगळे स्वर. एफ सेव्हन म्हणजे एफ, ए, सी, ई फ्लॅट, चारही दाबा. जॅझवाले विचारतात, यातला कोणता स्वर काही नवीन माहिती देतो?

एफ हा मूळ स्वर. तो बेस देतोच आहे. सी हा त्याचा पंचम, तो मूळ स्वराच्या ओव्हरटोन्समध्ये तसाही दडलेला असतो. राहिले दोन, तिसरा आणि सातवा. तिसरा स्वर सांगतो की कॉर्ड मेजर आहे की मायनर. सातवा सांगतो की ती घरी बसलेली आहे की पुढे कुठे निघालेली आहे. म्हणजे सगळी माहिती या दोन स्वरांत. याला 'शेल' म्हणतात, नारळाच्या करवंटीसारखं. बाकीचं काढून टाकलं तरी आकार कळतो.

आता गंमत बघा. एफमधल्या ब्लूजला मूळ तीनच कॉर्ड लागतात : एफ सेव्हन, बी फ्लॅट सेव्हन, सी सेव्हन. त्यांचे शेल मांडू.

एफ सेव्हन : ए आणि ई फ्लॅट.
बी फ्लॅट सेव्हन : ए फ्लॅट आणि डी.
सी सेव्हन : बी फ्लॅट आणि ई.

मधल्या सीच्या खालचा ए आणि वरचा ई फ्लॅट यांवर दोन बोटं ठेवा. बी फ्लॅट सेव्हन हवी? दोन्ही बोटं एक-एक पट्टी खाली, काळी-पांढरी सगळ्या धरून. सी सेव्हन हवी? पहिल्या जागेपासून दोन्ही बोटं एक-एक पट्टी वर. झालं! अख्खा ब्लूज तीन शेजारच्या जागांत मावला. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते आणि मी खोलीत एकटीच हसत सुटले.

पेटीवाल्यांसाठी हेच सरगममध्ये सांगते. पांढरी चारचा सा धरा. पहिली जोडी शुद्ध ग आणि कोमल नि. दुसरी जोडी कोमल ग आणि शुद्ध ध. तिसरी जोडी शुद्ध म आणि शुद्ध नि. आजोबांनी घरच्या पेटीवर वाजवून बघितलं आणि म्हणाले, "अरे वा, हे तर अगदीच शेजारी शेजारी राहतात!"

बारा बारचा साधा नकाशा असा :

पहिले चार बार : एफ सेव्हन.
पाचवा-सहावा : बी फ्लॅट सेव्हन.
सातवा-आठवा : एफ सेव्हन.
नववा : सी सेव्हन.
दहावा : बी फ्लॅट सेव्हन.
अकरावा-बारावा : एफ सेव्हन.

दोन बोटं पक्की झाली की तिसरं घ्या. एफ सेव्हनच्या जोडीवर जी ठेवा, म्हणजे ए, ई फ्लॅट, जी. बी फ्लॅट सेव्हनला खालची दोन बोटं एक-एक पट्टी उतरवा, जी तसाच ठेवा. वरचं बोट जागचं हलत नाही आणि तरी कॉर्ड बदलते. ऐकणाऱ्याला वाटतं काहीतरी भारी चाललंय. सांगू नका कोणाला!

(सॅक्सवाल्या मैत्रिणी असतील तर एक सूचना. ऑल्टोवाली "डीमध्ये ब्लूज" म्हणाली की तो तुमचा एफ असतो. तिचं वाद्य लिहिल्यापेक्षा खाली बोलतं. पहिल्या रिहर्सलला आमची वीस मिनिटं आणि थोडी मैत्री यातच गेली होती.)

तिसरा धडा : केव्हा वाजवायचं

हा खरा अवघड भाग. मी प्रत्येक मात्रेवर वाजवत होते, कारण मला वाटायचं की थांबले तर ठेका पडेल. ठेका ड्रमवर आहे, माझ्यावर नाही, हे डोक्याला कळतं. हाताला कळायला वेळ लागतो.

मोजायचं असं : "एक आणि दोन आणि तीन आणि चार आणि". जॅझच्या झुलत्या ठेक्यात हा 'आणि' मधोमध पडत नाही, थोडा उशिरा पडतो. मात्रेचे तीन भाग केले तर मध्यम लयीत साधारण तिसऱ्या भागावर. हे गणितापेक्षा ऐकून लवकर येतं.

सुरुवातीला दोनच बोल पाठ करा.

पहिला, 'चार्ल्सटन'. 'एक'वर एक कॉर्ड, 'दोन'च्या पुढच्या 'आणि'वर दुसरी. मग बार संपेपर्यंत गप्प. हे नाव १९२३ च्या एका गाण्यावरून आणि त्याच्या नाचावरून आलं. ते गाणं जेम्स पी. जॉन्सन यांचं, म्हणजे एका स्ट्राइड पियानोवाल्याचंच!

दुसरा, रेड गार्लंड यांच्या वाजवण्यामुळे ओळखला जाणारा. १९५० च्या दशकात ते माइल्स डेव्हिस यांच्या ग्रुपमध्ये पियानोवर होते. यात 'दोन'च्या पुढचा 'आणि' आणि 'चार'च्या पुढचा 'आणि', एवढंच. 'चार'नंतरच्या 'आणि'वर कॉर्ड मात्र पुढच्या बारची घ्यायची. म्हणजे दार उघडून आधीच उभं राहायचं. सोलो वाजवणारीला कळतं की पुढे काय येतंय.

मेट्रोनोम ६० वर लावा आणि त्याचे ठोके 'दोन' आणि 'चार' आहेत असं धरा. म्हणजे खरी लय १२० होते. पहिले दोन दिवस डोकं फिरेल, तिसऱ्या दिवशी जमेल.

पण हे बोल म्हणजे पाढे आहेत. आयुष्यभर पाढे म्हणत बसायचं नाही. ती थांबली की एक वाक्य टाका, ती बोलत असेल तर ऐका. तिचं वाक्य लांबत असेल तर एक लांब कॉर्ड धरून ठेवा. ती तुटक वाजवत असेल तर तुम्हीही तुटक द्या. हार्मोनियमची साथ करणारे गायकाने श्वास घेतला की ती जागा भरतात, पण गायकाच्या आधी पुढच्या जागेवर जाऊन बसत नाहीत. फरक असा की पेटीवाला गायकाची सुरावट धरून मागोमाग जातो. जॅझमध्ये सुरावट धरायची नसते, तिच्याखाली जमीन द्यायची असते. मी ही चूकसुद्धा केली होती. ती जे वाजवेल ते मी लगेच वर वाजवून दाखवायचे. मला वाटायचं संवाद चाललाय. प्रत्यक्षात मी तिची नक्कल करत होते.

चौथा धडा : ऐकायला काय घ्यायचं

माइल्स डेव्हिस यांच्या 'काइंड ऑफ ब्लू' या अल्बममधला 'फ्रेडी फ्रीलोडर' घ्या. २ मार्च १९५९ ला न्यूयॉर्कमध्ये रेकॉर्ड झालेला. बाकीच्या अल्बमवर पियानो बिल एव्हन्स यांचा आहे, या एकाच तुकड्यावर विंटन केली आहेत. बी फ्लॅटमधला बारा बारचा ब्लूज. फक्त शेवटच्या दोन बारमध्ये घरी परतायच्या ऐवजी ए फ्लॅट सेव्हन येते, तेव्हा मोजताना गडबडू नका.

धड्यासाठी हा तुकडा उत्तम आहे. कारण पहिला सोलो केली स्वतः घेतात आणि नंतर तीन वेगवेगळ्या माणसांना साथ करतात : ट्रम्पेटवर माइल्स, टेनर सॅक्सवर जॉन कोल्ट्रेन, ऑल्टोवर कॅननबॉल ॲडर्ली. माइल्स मोजकं वाजवतात, मध्ये भरपूर मोकळी जागा सोडतात. कोल्ट्रेन स्वरांचा पाऊस पाडतात. माणूस बदलला की साथ कशी बदलते ते ऐका. पहिल्यांदा पूर्ण ऐका. दुसऱ्यांदा फक्त पियानो ऐका. तिसऱ्यांदा वहीत बारचे रकाने पाडून पियानो जिथे पडला तिथे टिंब द्या. जर्नलपेक्षा जास्त मन लावून केलंय मी हे.

न वाजवण्याचं टोकाचं उदाहरणही आहे. २४ डिसेंबर १९५४ च्या सेशनला पियानोवर थेलोनियस मंक होते. माइल्सनी त्यांना सांगितलं की माझ्या सोलोमागे वाजवू नका. 'बॅग्ज ग्रूव्ह' ऐका. ट्रम्पेटच्या मागे फक्त बेस आणि ड्रम आहेत. मंक यांच्यासारखा माणूस हात मांडीवर ठेवून बसला आणि रेकॉर्ड अजून ऐकली जातेय. तेव्हा आपण दोन बार गप्प बसलो तर आभाळ कोसळत नाही.

आणि चूक झाली तर? हर्बी हॅनकॉक १९६३ मध्ये माइल्सच्या ग्रुपमध्ये आले. ते एक आठवण स्वतः सांगतात. एका कार्यक्रमात माइल्सच्या सोलोमागे त्यांनी साफ चुकीची कॉर्ड वाजवली. माइल्स क्षणभर थांबले आणि असे काही स्वर वाजवले की ती कॉर्डच बरोबर ठरली. मला ही गोष्ट फार आवडते, कारण त्यातून कळतं की ऐकणं दोन्ही बाजूंनी असतं. साथ करणाऱ्याने ऐकायचं, आणि त्याने ऐकलं की समोरचाही ऐकू लागतो.

हे सगळं अमेरिकेतलं म्हणून परकं समजू नका. १९३० च्या दशकात मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात शिकागोचे पियानोवादक टेडी वेदरफोर्ड वाजवत होते. मुंबईच्या हॉटेलांमध्ये हे संगीत उचलणाऱ्यांमध्ये गोव्याचे वादक पुष्कळ होते. त्यांतले ट्रम्पेटवाले चिक चॉकलेट पुढे आपल्या सी. रामचंद्रांबरोबर सिनेमासंगीतात होते. माझ्या रूममेटच्या केसमधला तो जुना सॅक्स त्याच वाटेवरचा आहे. आणि मी त्यावर पाच बोटांची कॉर्ड आदळत होते!

हॉस्टेलवाल्यांसाठी चार आठवड्यांचा अभ्यासक्रम

पहिला आठवडा : फक्त दोन बोटं. बारा बार, प्रत्येक बारच्या 'एक'वर एक कॉर्ड आणि मग हात वर. पेडलला पाय लावायचा नाही.

दुसरा आठवडा : चार्ल्सटन चार दिवस, गार्लंडचा बोल तीन दिवस. मेट्रोनोम 'दोन' आणि 'चार'वर.

तिसरा आठवडा : रोज एक रेकॉर्ड लावा आणि कीबोर्ड बंद ठेवून नुसत्या टाळ्या द्या, फक्त सोलोच्या मोकळ्या जागांत. बोलण्यावर टाळी पडली की पुन्हा सुरुवातीपासून. हा सगळ्यात कठीण आठवडा आहे.

चौथा आठवडा : खरा माणूस. मोबाईलवर रेकॉर्ड करा आणि मोजा. अठ्ठेचाळीसपैकी वीसच्या वर गेलात तर चहा तुमच्याकडून. वीस हा आकडा कुठल्या पुस्तकातला नाही, आमच्या खोलीतला आहे.

पुढे काय झालं

चार आठवड्यांनी मी रूममेटला म्हटलं, "एकदा वाजवू या का? आवडलं नाही तर तू फोन लाव." ती म्हणाली, "बघू." दोन रविवार गेले. तिसऱ्या रविवारी दुपारी, सगळ्या जणी झोपलेल्या असताना, ती स्वतःच सॅक्स घेऊन कॉमन रूममध्ये आली. बेसवाला नव्हता, म्हणून मी डाव्या हाताने एकेक मूळ स्वर देत होते आणि उजव्या हाताची तीन बोटं.

दुसऱ्या फेरीत ती मध्येच थांबली. पूर्ण एक बार रिकामा गेला. माझे हात शिवशिवत होते. मी वाजवलं नाही. पुढच्या बारमध्ये 'दोन'च्या 'आणि'वर एकच कॉर्ड दिली : ए, ई फ्लॅट, वर जी. तिने माझ्याकडे बघितलंही नाही. फक्त पुढचं वाक्य तिने त्याच जीपासून सुरू केलं. तिच्या बोटांना तो ई असतो. पण तो माझ्याकडून घेतलेला होता, हे आम्हा दोघींना कळलं.

नंतर रेकॉर्डिंग मोजलं. त्या फेरीत चौदा. सॅक्सचा प्रत्येक श्वास ऐकू येत होता. ती केस बंद करताना म्हणाली, "आज तू ऐकत होतीस." एवढंच. मग आम्ही चहाला गेलो आणि पैसे तिने दिले.

आजोबांना ते रेकॉर्डिंग पाठवलं. त्यांचं उत्तर आलं, "आता पेटीवाल्यांच्या पंगतीत बसायला हरकत नाही. शेवटी बस, पण बस."

कॉमन रूममधला कीबोर्ड संध्याकाळी सात ते साडेआठ मोकळा असतो. पाच सप्तकांचा आहे, वरची एक पट्टी अडकते, पण आपल्याला तिथे जायचंच नाहीये! ज्यांना शिकायचंय त्यांनी या. दोन बोटं घेऊन या, बाकीची आठ खिशात ठेवा.

आणि हो, तिच्या फोनमधला तो बॅकिंग ट्रॅक अजून डिलीट झालेला नाही. ती म्हणते, माझं सबमिशन असलं की लागतो. मी तपासलं नाही. साथ करणाऱ्याने सगळं विचारायचं नसतं.